लहानपणी अर्धवट बघितलेला इंग्लिश पिक्चर: बाई फोटोग्राफर, पेटलेल्या गाड्या, फरचे कोट. नाव सांगा कोणीतरी!

नौपाड्याचा_निर्वासित

मंडळी मदत पाहिजे. गेली पस्तीस वर्षं एक पिक्चर डोक्यात अडकून बसलाय, नाव माहीत नाही, हिरॉइन कोण माहीत नाही, आणि खुनी कोण ते तर अजिबातच नाही कारण शेवट बघायलाच मिळाला नाही.

साल ८९ किंवा ९०. आम्ही तेव्हा ठाण्याला नौपाड्यात राहायचो (आता खारघरला, म्हणून हा आयडी), गल्लीच्या तोंडाशी एक व्हिडिओ लायब्ररी होती, कॅसेट रात्रभर भाड्याने आणि व्हीसीआरचे वेगळे पैसे. आईबाबा कल्याणला लग्नाला गेलेले आणि मला सांभाळायला नंदूदादा म्हणजे माझा आतेभाऊ, तेव्हा बारावीला, म्हणजे अभ्यास सोडून सगळं करायचा. त्याने "घाबरणार नसशील तर बस" असं म्हणून एक कॅसेट लावली. प्रिंट अशी की सगळ्यांचे चेहरे हिरवे. इंग्लिश मला ओ की ठो कळत नव्हतं, नंदूदादा मधेमधे सांगायचा ते पण त्याला कळलं असेल तरच.

आठवतंय ते एवढंच. थंडीचे दिवस, मोठ्या शहरातला चौक, गाड्या एकमेकींवर आदळून पेटलेल्या, आणि त्याच्या पुढ्यात बायका फरचे कोट घालून, आत फक्त आतले कपडे, एकमेकींच्या झिंज्या उपटतायत. आणि हे चालू असताना एक बाई भर रस्त्यात फतकल मारून कॅमेरा डोळ्याला लावून बसलीये, स्कर्टला ही एवढी चीर, फोटो काढत्ये. मला वाटलं ही वेडी आहे का, भांडण सोडवायचं सोडून फोटो काय काढतेस! ते शूटिंग आहे हे नंदूदादाने नंतर सांगितलं. मग मधेच तिच्या डोळ्यापुढे काहीतरी धूसर यायला लागतं, दुसरीच खोली, दुसरीच बाई, आणि ती किंचाळते. एक जाड भुवयांचा पोलीस होता. आणि सगळ्यात शेवटचं म्हणजे ती बाई पळत्ये आणि पळताना तिला स्वतःचीच पाठ दिसत्ये. हो, स्वतःची पाठ. इतक्यात दाराला किल्ली लागली, आईबाबा जेवण करून लगेच निघालेले, आईने चप्पल पण न काढता आत येऊन सरळ प्लग खेचला. कॅसेट व्हीसीआरमध्ये अडकली ती भानगड वेगळीच.

तर प्रश्न दोन. एक म्हणजे नाव काय. आणि दुसरा, ते स्वतःची पाठ दिसणं खरंच पिक्चरमध्ये आहे का मला त्या रात्री ताप भरला होता त्यातलं आहे ते? खुनी कोण ते प्लीज कोणी सांगू नका, एवढी वर्षं थांबलोय तर आता नीट बघेन.

जुनी_कॅसेट

आईज ऑफ लॉरा मार्स. १९७८. फे डनवे. तो जाड भुवयांचा पोलीस म्हणजे टॉमी ली जोन्स, तेव्हा अगदी कोवळा होता. आणि पाठ दिसते, ताप नव्हता तुम्हाला.

जुनी_कॅसेट

मघाशी दूधवाला आला म्हणून अर्धवट सोडलं. आता सविस्तर.

चौक आहे तो न्यूयॉर्कचा कोलंबस सर्कल. लॉरा मार्स ही फॅशन फोटोग्राफर, तिची खासियत म्हणजे महागडे कपडे घातलेल्या मॉडेली आणि आजूबाजूला मारामाऱ्या, प्रेतं, बंदुका. त्याच फोटोंचं पुस्तक निघतंय आणि गॅलरीत प्रदर्शन आहे, आणि त्याच सुमारास तिच्या ओळखीतल्या एकेकाचा खून व्हायला लागतो. खुनी बर्फ फोडायचा टोच्या वापरतो आणि नेम डोळ्यावर. इकडे लॉराला खून होत असताना तो खुन्याच्या डोळ्यातून दिसतो. म्हणजे भविष्य नाही आणि भूतकाळ नाही, आत्ता, या मिनिटाला, पण तिच्या नाही तर त्याच्या डोळ्यातून. आणि ते दिसत असताना तिच्या स्वतःच्या डोळ्यापुढचं काहीही दिसत नाही, ती आंधळी होते. म्हणून खुनी जेव्हा तिच्याच मागे लागतो तेव्हा तिला काय दिसणार? स्वतःची पाठ. समोर भिंत आहे का जिना आहे ते कळायला मार्ग नाही. माझ्या मते अख्ख्या पिक्चरमधली सगळ्यात अस्सल कल्पना ती हीच.

ही मूळ कथा जॉन कार्पेंटरची, आणि पटकथेवर त्याच्यासोबत डेव्हिड झेलाग गुडमनचं नाव आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कार्पेंटरचा स्वतःचा हॅलोवीन आला आणि तो कुठल्या कुठे गेला. लॉरा मार्सचा दिग्दर्शक अर्विन कर्शनर, त्याने पुढे १९८० मध्ये स्टार वॉर्सचा दुसरा भाग केला, द एम्पायर स्ट्राइक्स बॅक. निर्माता जॉन पीटर्स, तो तेव्हा बार्बरा स्ट्रायसँडबरोबर होता आणि लॉराचा रोल आधी तिच्यासाठीच होता, पण तिला विषय फारच विकृत वाटला म्हणून तिने फक्त गाणं म्हटलं, 'प्रिझनर'. ते सुरुवातीच्या पाट्यांवर आहे, जमल्यास हेडफोन लावून ऐका. फे डनवेला त्याच्या आधी नेटवर्कसाठी ऑस्कर मिळालेलं होतं, म्हणजे ऐन भरात होती.

आमच्या कोपरखैरण्याच्या घरात डीव्हीडी आहे. हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शंकासुर

थोडं थंड पाणी ओततो, राग मानू नका. दिसायला झकास, रहस्यकथा म्हणून फुसका बार. मी दोनदा बघितलाय, दुसऱ्यांदा खास चुका काढायला.

बाईला खून दिसतात, बाई स्वतः खुनाच्या जागी धावत जाऊन पोचते, बाईचे जुने फोटो पोलिसांनी कधीच बाहेर न काढलेल्या खुनाच्या फोटोंशी मिळतेजुळते निघतात, आणि तरी पोलीस तिला चहापाणी विचारून घरी सोडतात! आपल्याकडे असतं तर नौपाडा पोलीस स्टेशनात तीन दिवस बाकावर बसवून ठेवली असती. बरं तिला दिसतं का, याचं कारण काय? काही नाही. डोक्यावर मार नाही, डोळ्याचं ऑपरेशन नाही, शाप नाही, नवस फेडायचा राहिलेला नाही. दिसतं म्हणून दिसतं. आणि संशयित म्हणजे पिक्चरभर प्रत्येकजण पाळीपाळीने दारात उभं राहून विचित्र बघतो, घटस्फोटित नवरा बघतो, ड्रायव्हर बघतो, मॅनेजर बघतो. हा काय खेळ आहे.

त्याच्यापेक्षा आपला माधुरीचा १०० डेज बरा. ते पण दृश्य दिसण्याचंच प्रकरण, पण शेवटी सगळे तुकडे बसतात तरी. आणि वर लक्ष्या आहे.

जुनी_कॅसेट

शंकासुर, १०० डेज (१९९१) मला पण आवडतो हो, संगीत रामलक्ष्मणचं, म्हणजे आपले विजय पाटील. पण तो तमिळ नूरावधु नाळवरून (१९८४) आणि ते तमिळवाले एका इटालियन पिक्चरवरून, १९७७ चा, लुचिओ फुल्चीचा. त्या घराण्यात बाईला पुढे घडणार त्याचे तुकडे दिसतात, म्हणून कोडं सुटल्यावर तुम्हाला मजा येते. इथे कोडंच नाहीये मुळात. जे दिसतं ते खरं आहे आणि आत्ता चाललंय, फक्त त्याचा उपयोग शून्य. फोन लावेपर्यंत माणूस गेलेला असतो.

तुम्ही ज्याला फुसका बार म्हणता ती खरं तर इटालियन खोड आहे. तिकडे या जातीच्या पिक्चरना जालो म्हणतात, जालो म्हणजे पिवळा, कारण मोन्दादोरी प्रकाशनाच्या रहस्यकथांची कव्हरं पिवळी असायची, १९२९ पासून. आपल्याकडे जशी अर्नाळकरांची पुस्तकं, एका बैठकीत वाचायची आणि लोकलच्या डब्यातल्या शेजाऱ्याला द्यायची, तसंच. त्यात तर्क कमी आणि थाट जास्त. मारिओ बावाचा ब्लड अँड ब्लॅक लेस (१९६४) बघा, रोममधलं फॅशन हाऊस, तिथे एकेक मॉडेल मरते, आणि रंग असे की खून बघायचा का मागचा पडदा बघायचा तेच कळत नाही. लॉरा मार्स म्हणजे तोच मसाला न्यूयॉर्कच्या कढईत.

शंकासुर

म्हणजे वरण बेचव आहे पण वाटी चांदीची आहे असं म्हणायचंय तुम्हाला. ठीक आहे.

वागळे_फ्लॅश

चांदीच्या वाटीबद्दल मी बोलतो, धंदाच तो आहे. वागळे इस्टेटला स्टुडिओत असतो, आधी सात वर्षं असिस्टंट होतो, आता स्वतः शूट करतो, बहुतेक कुर्त्या नि साड्यांचे कॅटलॉग, दिवसाला साठ-सत्तर पीस.

या पिक्चरमध्ये गॅलरीत लॉराचे म्हणून जे फोटो लावलेत ते खरे हेल्मुट न्यूटन या फॅशन फोटोग्राफरचे आहेत, आणि काही रेबेका ब्लेकचे. म्हणजे नटीच्या हातात प्रॉपर्टीवाल्याने कॅमेरा दिला आणि झालं असं नाही, भिंतीवरचं काम अव्वल दर्जाचं आहे. न्यूटन बर्लिनचा, जन्म १९२०, ज्यू म्हणून १९३८ मध्ये देश सोडून पळावं लागलं, सिंगापूर करत ऑस्ट्रेलियाला गेला, नंतर पॅरिसमध्ये नाव झालं. त्याचं पहिलं पुस्तक १९७६ चं, म्हणजे हा पिक्चर यायच्या दोनच वर्षं आधी. स्टुडिओत कोंडून घ्यायला त्याला आवडायचं नाही, रस्ता, हॉटेलची खोली, कोणाचं तरी घर, स्विमिंग पूल. आणि उजेड कडक. आपण बायकांचे फोटो काढताना लाईटवर सॉफ्टबॉक्स लावून सगळं लोण्यासारखं मऊ करून टाकतो, हा सरळ फटकन उजेड मारतो, नाकाची सावली गालावर कापल्यासारखी पडली तरी चालेल. त्यामुळे फोटोतली बाई गोड दिसत नाही, धोकादायक दिसते. तोच धोका पिक्चरभर पसरलाय.

त्याच काळात फ्रान्समध्ये गी बूर्दँ नावाचा फोटोग्राफर होता. त्याने १९७५ मध्ये शार्ल जुर्दां या बुटांच्या कंपनीची जाहिरात केली त्यात बाईच नाही! फुटपाथवर प्रेताभोवती आखतात तशी खडूची आकृती आणि बाजूला पडलेले गुलाबी बूट. बस. बूट विकायचे होते. त्यामुळे लॉराचे फोटो पिक्चरवाल्यांनी उगाच भडक केलेत असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या काळची फॅशन मॅगझिनं चाळावीत.

आता आमचं ऐका. मागच्या हिवाळ्यात एक क्लायंट आला, म्हणे व्हिंटेज लूक पाहिजे, थोडा हॉरर, थोडा रॉयल. उपवन तलावावर पहाटे साडेपाचला गेलो. मॉडेलला घागरा दोन साइज मोठा, म्हणून मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले, मोजून अकरा, पुढून एकदम फिटिंग आणि मागून बघाल तर गॅलरीतली दोरी. असिस्टंटच्या हातात उजेड परतवायला थर्माकोल, दुसऱ्याकडे धुराची नळकांडी. धूर सोडला तो वारा फिरल्यामुळे सगळा मॉर्निंग वॉकच्या आजोबांवर. ते खोकत खोकत आले आणि विचारतात, "लग्न कोणाचं आहे?" क्लायंट तेवढ्यात लॅपटॉपवर बघून म्हणतो धूर छान आहे पण नंतर काढून टाकता येईल ना.

लॉराच्या काळात रीळ होतं, फार तर एक पोलरॉइड काढून अंदाज घ्यायचा, बाकी धुऊन येईपर्यंत फोटो फक्त तिच्या डोक्यात. आता वायर थेट लॅपटॉपला. तिला खुन्याच्या डोळ्यातून दिसायचं, आम्हाला क्लायंटच्या. पैसे पण अर्धेच दिलेत अजून.

सुईदोरा

वागळेदादा चिमट्यांवरून हसून हसून वाट लागली, आम्ही फिटिंगच्या वेळी बुलडॉग क्लिपा लावायचो, चिमटे म्हणजे फारच गरिबी!

मी खारघरच्या निफ्टची (फॅशनचं कॉलेज), आता महाप्याला एका एक्स्पोर्ट युनिटमध्ये सॅम्पलिंग बघते. मला या पिक्चरमधलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ती स्कर्टची चीर, जी मूळ प्रश्नात पण आलीये. सगळे त्याच्याकडे सेक्सी म्हणून बघतात. नीट बघा ती बाई काय करत्ये. उंच बूट, लोकरीचा लांब स्कर्ट, कडाक्याची थंडी, आणि तिला खालून अँगल पाहिजे म्हणून गुडघे फाकवून जमिनीजवळ जायचंय. चीर नसती तर दोनच गोष्टी झाल्या असत्या, शिवण उसवली असती नाहीतर तोंडावर पडली असती. म्हणजे ते कामाचं कापड आहे. आपल्या आज्या नऊवारीचा काष्टा का घालायच्या? भात लावताना वाकायला, विहिरीवर, जात्यावर बसायला. दिसायला डौलदार आहे ते आहेच, पण आधी मांडी घालून बसता येतं. लॉराचे कपडे करणारी थिओनी ऑल्ड्रेज, तिला त्याच्या आधी द ग्रेट गॅट्सबीसाठी (१९७४) ऑस्कर मिळालं होतं, तिने नेमकं हेच ओळखलंय. मॉडेलींना फर नि सॅटिन, कारण त्या बघायच्या वस्तू आहेत, आणि लॉराला लोकर, शाली, बूट, मातकट रंग, कारण ती बघणारी आहे.

पण एक खटकतं आणि ते बोलल्याशिवाय राहवत नाही. बायकांना मारलेलं दाखवून बायकांनाच कपडे विकायचे, हे काय आहे? पिक्चरमध्ये प्रदर्शनाच्या उद्घाटनाला पत्रकार तिला हाच प्रश्न विचारतात आणि तिचं उत्तर मला तरी गुळमुळीत वाटलं. आणि पिक्चर पण पुढे तेच करतो, मरणाऱ्या बायका सुंदर दिसायला हव्यात याची काळजी घेत मारतो.

बूर्दँच्या खडूवरून आठवलं, आमच्या बॅचमधल्या एकीने असाइनमेंटसाठी खारघरला सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने माणूस आखला, शेजारी कोल्हापुरी ठेवली, फोटो काढले आणि पुसायचं विसरून गेली. सकाळी वॉचमनने सेक्रेटरीला उठवलं, सेक्रेटरीने पोलिसांना. चप्पल जप्त झाली ती मिळालीच नाही परत.

वागळे_फ्लॅश

सुईदोरा ताई, काष्ट्याचं पटलं एकदम. गुळमुळीत उत्तराबद्दल माझं जरा वेगळं आहे. तिला उत्तर देताच येत नाही, कारण ते फोटो तिचे नाहीतच! ती बिचारी समजत होती ही माझी कल्पना, माझी स्टाईल, आणि निघालं काय तर दोन वर्षं दुसऱ्याच कोणाच्या तरी डोळ्यातलं तिच्या डोक्यात झिरपत होतं आणि ही त्यालाच कला म्हणून विकत होती. मला त्या टोच्याची भीती नाही वाटली, पोलीस टेबलावर एकेक फोटो मांडतो, हा तुझा, हा आमचा, त्या सीनला पोटात गोळा आला. आम्ही दिवसभर मोबाईलवर दुसऱ्यांचे फोटो बघून मूडबोर्ड करतो आणि संध्याकाळी म्हणतो सुचलं.

शंकासुर

हे मात्र पटलं. वरणात थोडी चव आहे म्हणायची.

पारसिक_बोगदा

एवढी चर्चा कशाला, खुनी शेवटी तो ▒▒▒▒▒ असतो!! मला पहिल्या दहा मिनिटात कळलं होतं

*(स्पॉयलर झाकला आहे. मूळ प्रश्नात स्पष्ट विनंती आहे, कृपया पाळा. – संपादक)*

नौपाड्याचा_निर्वासित

बोगदे भाऊ!!! मी ऑफिसात लपून वाचत होतो, सुदैवाने नेमका तेव्हा बॉस आला आणि स्क्रीन खाली केली, वर करेपर्यंत काळं झालेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा बॉसचा उपयोग झाला.

पारसिक_बोगदा

सॉरी सॉरी दादा. भरपाई म्हणून एक माहिती देतो, यात स्पॉयलर नाही. लॉराचा तो दाढीवाला, सगळ्यांकडे तिरका बघणारा ड्रायव्हर आहे ना, तो ब्रॅड डूरिफ. त्यानेच पुढे १९८८ मध्ये चाइल्ड्स प्लेमधल्या चकी बाहुल्याला आवाज दिला. आणि त्या चकीवरून आपल्याकडे १९९३ ला काय आलं? झपाटलेला! म्हणजे लॉरा मार्सच्या ड्रायव्हरचा आणि तात्या विंचूचा चुलत चुलत संबंध लागतो. ओम फट स्वाहा.

शंकासुर

आणि झपाटलेलामध्ये पण लक्ष्या. मी म्हटलं होतं ना, सगळे रस्ते लक्ष्याकडे जातात.

नौपाड्याचा_निर्वासित

मंडळी अपडेट. बघितला!!

जुनी_कॅसेट काकांना मनापासून धन्यवाद. शुक्रवारी संध्याकाळी मी आईकडे ठाण्याला चाललो होतो तर काका म्हणाले मी पण ठाण्यात येतोय, नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर वाशीकडच्या इंडिकेटरखाली थांबा. ऐन गर्दीत, लोक दोन्ही बाजूंनी धक्के मारतायत, आणि एक पांढरी मिशी माझ्याकडे येऊन खिशातून पेपरात गुंडाळलेलं पाकीट काढून हळूच हातात देते. पोलिसाने बघितलं असतं तर दोघांना आत घेतलं असतं. घरी आल्यावर लक्षात आलं की डीव्हीडी लावायला घरात काहीच नाही, टीव्हीला भोक नाही, लॅपटॉपला भोक नाही. शेवटी आईच्या माळ्यावर माझा इंजिनिअरिंगचा लॅपटॉप होता तो काढला, बॅटरी मेलेली पण वायर लावून चालू झाला, पंखा असा की बोटीत बसल्यासारखं वाटत होतं.

पहिलं म्हणजे चेहरे हिरवे नाहीत! पस्तीस वर्षं मला वाटायचं तो पिक्चरचा रंगच तसा आहे, भुताटकीचा. ते शूटिंग मात्र जसंच्या तसं, फक्त मला आठवत होत्या त्यापेक्षा मॉडेली जास्त आणि मागे डिस्को वाजतंय, 'लेट्स ऑल चांट', जे मला अजिबात आठवत नव्हतं. झिंज्या आहेत. फतकल आहे. सुईदोरा ताईंचं वाचून बघितल्यामुळे मी सारखा चिरेकडेच बघत होतो आणि बायको म्हणाली काय चाललंय, तर म्हटलं काष्टा बघतोय. विश्वास बसला नाही तिचा.

आणि ते पाठीचं. आधी ती पोलिसाला समजावून सांगते तो सीन मला तेव्हा कळलाच नव्हता, तिच्या स्टुडिओत कॅमेरा नि टीव्ही आहे, आणि ती सांगते की मला ते दिसतं तेव्हा समोर काय आहे ते दिसत नाही, टीव्हीत आहे ते दिसतं. साधं सोपं, दोन मिनिटात. आणि मग ती पळते तेव्हा तुम्हाला नियम माहीत असतो, म्हणून जास्त भीती वाटते. चित्र धूसर, हलतंय, पुढे एक बाई चाललीये, केस तिचे, कपडे तिचे, आणि पाठ जवळ जवळ येत्ये. ती हात पुढे करून चाचपडत्ये आणि आपल्याला तिचे हात मागून दिसतायत. मी अकरा वर्षांचा असताना मागे वळून दाराकडे बघितलं होतं, या वेळी पण बघितलं. दारात आई होती. पाणी प्यायला उठलेली. म्हणाली, "ही कुठे पळत्ये, दिवा लाव म्हणावं आधी," आणि गेली झोपायला. तिला काही आठवत नाही प्लग वगैरे.

खुनी कोण ते कळलं. शंकासुर, तुमचं बरोबर आहे, पुरावे बिरावे काही नाहीत, पण मला वाईट वाटलं हो शेवटी, राग नाही आला, वाईट वाटलं. याच्यापुढे लिहीत नाही, नाहीतर मलाच काळं करतील.

मग रात्री साडेबारालाच नंदूदादाला मेसेज टाकला, तो आता नाशिकला असतो. नाव सापडलं, बघितला, खुनी कळला, अखेर. तर त्याचा लगेच रिप्लाय, "अरे तो होय. कॅसेट अडकली होती ना, ती सोडवायला दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेलो तर तिथल्या माणसाने काढून चालते का बघायला लावली. उभ्या उभ्या शेवट बघून आलो होतो मी."

मी विचारलं मग सांगितलं का नाहीस, पस्तीस वर्षं!

तर म्हणे, "तू विचारलं कुठे."

सुईदोरा

नंदूदादांना कोपरापासून नमस्कार 😂

जुनी_कॅसेट

डीव्हीडी सावकाश परत करा, घाई नाही. फक्त पाकिटात बावाचा पण पिक्चर आहे दुसऱ्या कप्प्यात, तो बघितल्याशिवाय आणू नका.